पाच भाऊ, पाच बहिणी : मार्शल घराण्याची वाटणी



१२४५ सालच्या नाताळाला दोन-तीन दिवस उरले असताना वेल्सच्या सीमेवरच्या चेपस्टो किल्ल्यात आन्सेल्म मार्शल नावाचा सरदार वारला. त्याचा थोरला भाऊ वॉल्टर जाऊन जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे पेम्ब्रोकच्या अर्लपदाची वस्त्रं आन्सेल्मला रीतसर मिळालीही नव्हती. हा पाचवा भाऊ. आधीचे चौघं एकामागून एक अर्ल झाले आणि एकामागून एक गेले. औरस मूल एकाचंही मागे राहिलं नाही. इंग्लंड, दक्षिण वेल्स आणि आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत अशी तीन मुलखांत पसरलेली ही दौलत. एका डिसेंबरात ती बिनधन्याची झाली.

वंशावळ मांडणारे या ठिकाणी 'वंश खुंटला' असं लिहितात आणि खाली रेघ मारतात. माझं आजचं व्याख्यान त्या रेघेच्या खालचं आहे. या पाच भावांना पाच बहिणी होत्या, आणि पाचही लेकुरवाळ्या. पुढची पाऊणशे वर्षं इंग्लंडच्या राजकारणात जे जे पेटलं, त्यातलं बरंचसं या बहिणींच्या वाटणीपाशी येऊन पोचतं. राजे आणि लढाया यांच्या यादीत ते दिसत नाही. जमिनीची कागदपत्रं उलगडली की दिसतं.

आधी बापाची ओळख करून घेऊ. विल्यम मार्शल जन्मला ११४७च्या सुमारास, वडिलांचा चौथा मुलगा म्हणून. नॉर्मंडीहून आलेल्या राजवटीला तेव्हा ऐंशी वर्षं होत होती आणि वरच्या वर्गाची बोली फ्रेंचच होती. वडील जॉन हे राजाच्या पागेची आणि दरबारी बंदोबस्ताची पिढीजात चाकरी असलेले मध्यम प्रतीचे सरदार. थोरल्याला सगळं आणि धाकट्यांना तलवार, असा तिथला रिवाज, तेव्हा चौथ्याच्या वाट्याला काही येण्याचा प्रश्नच नव्हता. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात हा पाच-सहा वर्षांचा पोर राजा स्टीफनकडे ओलीस होता. बापाने शब्द मोडला, राजाने पोराला फासावर चढवण्याची धमकी दिली, तर बापाने उलट निरोप धाडला की मुलं आणखी होतील, ती घडवायची हत्यारं माझ्याकडे शाबूत आहेत. राजाला दया आली म्हणून पोर वाचलं. नाही तर आज आपण इथे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतो.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो एका काव्यामुळे. विल्यमच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने ते लिहवून घेतलं. जुन्या फ्रेंचमधल्या एकोणीस हजारांहून अधिक ओळी, राजा नसलेल्या माणसाचं एवढं मोठं चरित्र त्या काळात दुसरं नाही. सहा शतकं ते कुणाच्या नजरेस नव्हतं. १८६१ साली लंडनच्या सदबीज्मधल्या लिलावात पॉल मेयर या तरुण फ्रेंच अभ्यासकाने हस्तलिखित पाहिलं. पण बोली सर टॉमस फिलिप्स नावाच्या अफाट संग्राहकाने जिंकली आणि पोथी त्याच्या ढिगाऱ्यात गडप झाली. ती पुन्हा हाती लागायला मेयरना वीस वर्षं लागली. बखरच म्हणा ना. आणि मुलाने लिहवून घेतलेली बापाची बखर म्हणजे ताक असलं तरी फुंकून प्यावं. पण दुसरीकडे जिथे जिथे पडताळता येतं, तिथे ती बरीचशी खरी उतरते.

विल्यमने नाव काढलं ते झुंजींच्या मैदानात. त्या काळच्या झुंजी म्हणजे खोटी लढाई आणि खरी कमाई. हरलेल्याचा घोडा आणि शस्त्रं जिंकणाऱ्याची, शिवाय खंडणी वेगळी. ११६८ साली फ्रान्समधल्या पॉइटू प्रांतात लुझिन्यां घराण्याच्या लोकांनी घातलेल्या छाप्यात त्याचा मामा अर्ल पॅट्रिक मारला गेला आणि तो स्वतः जखमी होऊन कैदेत पडला. राणी एलेनोरने पैसे भरून त्याला सोडवलं. लुझिन्यां हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे. नंतर तो युवराज हेन्रीचा शस्त्रगुरू झाला, युवराज गेल्यावर त्याचा नवस फेडायला जेरुसलेमला जाऊन आला. ११८९ साली बंडखोर राजपुत्र रिचर्ड बापाचा पाठलाग करत असताना विल्यमने रिचर्डच्या अंगाखालचा घोडा मारून त्याला थांबवलं. काही आठवड्यांत तोच रिचर्ड राजा झाला. त्याने विल्यमला शिक्षा दिली नाही. बायको दिली.

ती बायको म्हणजेच सगळी दौलत. इझाबेल द क्लेअर, वय सतरा-अठरा. तिचे वडील रिचर्ड द क्लेअर, ज्यांना इतिहास स्ट्राँगबो म्हणून ओळखतो. आई ईफा, लेन्स्टरचा आयरिश राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. स्ट्राँगबो ११७६ साली गेले, मागे राहिलेला मुलगा वयात येण्याआधीच वारला आणि चेपस्टोपासून किल्केनीपर्यंतचं सगळं या मुलीकडे आलं. बाप मेलेली सरदारकन्या म्हणजे राजाच्या पालकत्वाखालची मालमत्ता. तिचं लग्न लावून देण्याचा हक्क राजाचा, आणि हा हक्क राजे विकत, बक्षीस देत, तारण ठेवत. चाळिशी ओलांडलेला बिनजमिनीचा शिपाईगडी एका लग्नाच्या दिवशी राज्यातल्या पहिल्या फळीच्या सरदारांत जाऊन बसला. म्हणजे मार्शलांचं घर उभं राहिलं तेच भाऊ नसलेल्या एका मुलीमुळे. हे ध्यानात ठेवलं की शेवटचं नवल वाटत नाही.

विल्यमला स्वतःला याची पुरती जाणीव होती. १२०७ साली राजा जॉनने त्याला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावून घेतलं. बोलावणं कपटाचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. निघण्यापूर्वी त्याने किल्केनीच्या किल्ल्यात लेन्स्टरचे मांडलिक गोळा केले आणि गरोदर इझाबेलचा हात धरून तो त्यांच्यासमोर आला. म्हणाला ते असं, की ही तुमची खरी धनीण, तुम्हाला जमिनी दिल्या त्या हिच्या बापाने, माझं इथे जे आहे ते हिच्यामुळे. मागे राजाचा माणूस मायलर फिट्झ-हेन्री चालून आला, पण इझाबेलच्या बाजूने निष्ठा टिकली आणि मायलरलाच नमतं घ्यावं लागलं. आयर्लंडच्या इतिहासाची बरीच पुस्तकं इझाबेलला 'मार्शलची पत्नी' म्हणून अर्ध्या ओळीत उरकतात. माझ्या मते लेन्स्टरच्या बाबतीत वाक्य उलटं लिहायला हवं. लेन्स्टरपुरता मार्शल हा इझाबेलचा नवरा होता.

पुढची कीर्ती आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. १२१५च्या मॅग्ना कार्टाच्या वाटाघाटींत तो राजाच्या बाजूचा भरवशाचा माणूस होता. जॉन मेल्यावर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा कारभारी झाला, आणि २० मे १२१७ रोजी सत्तरीच्या घरात असताना लिंकनच्या गल्ल्यांत घोडा घालून फ्रेंच राजपुत्राच्या फौजेचा मोड केला. १४ मे १२१९ रोजी कॅव्हरशॅमला गेला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची म्हणून दाखवतात ती दगडी मूर्ती आहे. १९४१च्या बाँबहल्ल्यात तिची बरीच मोडतोड झाली. त्याच्या काळच्या ओक लाकडाच्या, बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेल्या कवाडांची जोडी चेपस्टोत अजून पाहायला मिळते. १९६२ सालापर्यंत ती मुख्य दरवाजातच होती.

आता मुलगे. थोरल्या विल्यमने राजाच्या सख्ख्या बहिणीशी, नऊ वर्षांच्या एलेनोरशी, १२२४ साली लग्न केलं आणि १२३१ साली तो वारला. दुसरा रिचर्ड, माझ्या मते या भावांतला सर्वांत कर्तबगार, राजाच्या परदेशी सल्लागारांविरुद्ध उठला आणि १ एप्रिल १२३४ रोजी आयर्लंडच्या करॅ मैदानात घेरला गेला. जखमी अवस्थेत किल्केनीत नेला, तिथे पंधरा दिवसांत मेला. तिसरा गिल्बर्ट चर्चसाठी वाढवलेला, झुंजींची सवय नसलेला. 'पाद्रीबुवा' म्हणून कुणी हिणवू नये म्हणून की काय, १२४१ साली हर्टफर्डच्या झुंजीत उतरला. भरधाव घोड्याचा लगाम तुटला, गिल्बर्ट खाली आला, पाय रिकिबीत अडकलेला, आणि घोडा त्याला फरपटत घेऊन गेला. चौथा वॉल्टर, पाचवा आन्सेल्म.

साहजिकच लोकांनी शाप शोधला. मॅथ्यू पॅरिस हा त्या काळचा बखरकार साधू सांगतो की थोरल्या मार्शलने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली होती. मार्शल मेल्यावर बिशप राजाला घेऊन थडग्यापाशी आला, मुलांनी गावं परत द्यावीत म्हणून सांगितलं, मुलांनी नकार दिला. तेव्हा बिशपने शाप दिला की एका पिढीत नाव बुडेल. गोष्ट बेतशीर आहे. जरा जास्तच बेतशीर. शाप खरा मानला तरी तो फक्त निपुत्रिक मरण्याचा खुलासा करतो. दौलतीचं जे झालं ते शापाने नाही, कायद्याने.

कायदा असा. मुलगे असले तर सगळं थोरल्याला. मुलगे नसले तर मात्र मुलींमध्ये थोरली-धाकटी नाही, सगळ्यांना सारखा हिस्सा. वाटणीत मुख्य ठाणं आणि मान थोरलीकडे झुकतो, उत्पन्न मात्र तोलून समान. आणि दत्तक नाही. आपल्याला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे भाऊबंदकी चालते ती मुलग्यांत, आणि मुलगा नसला की दत्तकाची सोय. इंग्रजी कायद्याला दत्तक ठाऊकच नव्हतं. इंग्लंडात त्यासाठी कायदा झाला तो १९२६ साली. १८४८मध्ये डलहौसीने साताऱ्याचं दत्तकविधान नाकारून राज्य खालसा केलं, त्यामागे साम्राज्याची हाव तर होतीच, पण वारस नसलेली जमीन वरिष्ठ धन्याकडे परत जाते, ही जुनी सरंजामी धारणाही हाताशी होती.

१२४७ साली वाटणी झाली. एकट्या लेन्स्टरपुरतं बोलायचं तर प्रत्येक बहिणीचा हिस्सा वर्षाला ३४३ पौंड ५ शिलिंग साडेसहा पेन्स असा बसवला गेला. अर्धा पेन्ससुद्धा सोडला नाही. थोरल्या मॉडला कार्लो, आईचंच नाव असलेल्या इझाबेलच्या वारसाला किल्केनी, सिबिलच्या मुलींना किल्डेर, ईव्हाच्या मुलींना डुनामेस, जोनच्या वारसाला वेक्सफर्ड. जिथे आकडा जुळेना तिथे दुसऱ्या गावाचं पाणचक्कीचं उत्पन्न, तिसऱ्या गावच्या बाजाराची पट्टी असं जोडून तराजू समतोल केला.

थोरली मॉड बिगॉड आणि वॉरेन अशा दोन घरांत नांदली. १२४६ साली राजाने तिला मार्शलपदाचा, म्हणजे पागा आणि दरबारी बंदोबस्ताच्या त्या पिढीजात चाकरीचा, दंड दिला आणि तिने तो आपल्या मुलाच्या हाती दिला. बिगॉडांची शाखा १३०६ साली संपली आणि पद राजाकडे गेलं. पुढे ते मोब्रे, मग हॉवर्ड घराण्याकडे आलं. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची सगळी व्यवस्था पाहिली ती याच पदावरच्या नॉरफोकच्या ड्यूकने.

सिबिलची गोष्ट गणिताची आहे. डर्बीच्या अर्लशी तिचं लग्न झालं आणि सात मुली झाल्या. पाचव्या हिश्शाचे सात भाग, म्हणजे पस्तिसावा हिस्सा. लेन्स्टरपुरता हिशोब केला तर एकीला वर्षाला सुमारे ४९ पौंड. सातांतल्या एका मॉडला पुन्हा चार मुलीच. म्हणजे एकशेचाळिसावा हिस्सा, बारा पौंडांच्या आसपास. ज्या प्रांताच्या जिवावर विल्यम आणि इझाबेल राजाशी टक्कर देत होते, त्याच्या एका कोपऱ्यावर आता फ्रान्समध्ये आणि इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारे, आयर्लंडचं तोंडही न पाहिलेले मालक होते. त्यांना उत्पन्न हवं होतं. किल्ल्याची डागडुजी, शिबंदीचा पगार यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस लेन्स्टरच्या डोंगरांतून मॅकमरो घराणं पुन्हा डोकं वर काढतं, त्याचं हे एक मोठं कारण आहे. आणि मॅकमरो म्हणजे कोण, तर इझाबेलच्या आजोळचेच.

ईव्हाचा नवरा विल्यम द ब्रेओझ वेल्सच्या लेवेलिनने १२३० साली फासावर चढवला, आपल्या राणीच्या दालनात सापडला म्हणून. गंमत पाहा, लेवेलिनच्या मुलाशी ब्रेओझच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यानंतरही मोडलं नाही. जमीन येत होती ना! ईव्हाच्या इतर तीन मुली मॉर्टिमर, बोहन आणि कँटिलूप या सीमेवरच्या घरांत गेल्या.

धाकटी जोन. तिची मुलगी, तीही जोन, भाऊ वारल्याने वारस ठरली, आणि तिसऱ्या हेन्रीने १२४७च्या ऑगस्टमध्ये तिचं लग्न आपल्या सावत्र भावाशी लावून टाकलं. पेम्ब्रोक त्याच्याकडे गेलं. हा भाऊ विल्यम द व्हॅलन्स, म्हणजे ह्यू द लुझिन्यांचा मुलगा. ज्या घराच्या छाप्यात मार्शलचा मामा पडला, त्याच घरच्या पोराला मार्शलची नात आणि मार्शलचं पेम्ब्रोक मिळालं. या उपऱ्यावर इंग्लिश सरदारांचा जो राग धुमसत राहिला, त्यातून १२५८ची राजकीय उलथापालथ बऱ्याच अंशी घडली.

आता एक राहिलंच, विधवा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. वॉल्टरची विधवा मार्गारेट हिचा तिसरा हिस्सा पाच बहिणींच्या तेरा वारसांपैकी कोणाच्याही वाटणीपेक्षा मोठा होता, आणि ती १२६६पर्यंत जगली. त्याआधीची विधवा एलेनोर, राजाची बहीण, सोळाव्या वर्षी रांडावली. आयर्लंड आणि पेम्ब्रोकच्या हिश्शाबद्दल तिला वर्षाला ४०० पौंड ठरवून दिले. तिच्या मते हक्क त्याहून कितीतरी जास्त होता. तिने ब्रह्मचर्याची शपथ घेतली, मोडली आणि १२३८ साली सायमन द माँटफर्टशी लग्न केलं. राजा आणि माँटफर्ट यांच्या वैरावर पुस्तकांमागून पुस्तकं आहेत. घटनात्मक तत्त्वं, संसदेचा जन्म, सगळं खरं. पण त्या वैराच्या मुळाशी हे ४०० पौंड पंचवीस वर्षं खदखदत होते. १२५९च्या पॅरिसच्या तहात एलेनोरने फ्रान्समधले आपले हक्क सोडायला नकार दिला, आधी माझ्या विधवा-हक्काचं पाहा म्हणून. दोन राजांचा तह एका बाईच्या थकबाकीसाठी अडून बसला.

१२६५च्या ऑगस्टमध्ये राजपक्षाशी लढताना ईव्हशॅमला माँटफर्ट पडला. त्याचं मुंडकं कापून विगमोरच्या किल्ल्यात मॉड मॉर्टिमरला भेट म्हणून पाठवलं. ही मॉड ईव्हाची मुलगी. म्हणजे तिच्यासमोर आलं ते तिच्या मामीच्या दुसऱ्या नवऱ्याचं मुंडकं. आणि ज्या दौलतीवर मामी हक्क सांगत होती, तिच्या वाटेकऱ्यांत ही भाची होती.

बॅनकबर्नची लढाई, जून १३१४, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची म्हणून आपण ओळखतो. वंशावळ हातात घेऊन पाहिली तर वेगळंच दिसतं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा इझाबेल मार्शलच्या मुलीचा नातू. समोरच्या फौजेतला ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर हा त्याच इझाबेलच्या मुलाचा नातू. ब्रूसची आजी आणि गिल्बर्टचे आजोबा सख्खी भावंडं. शिवाय दोघं साडू, दोघांच्या बायका अल्स्टरच्या अर्लच्या लेकी. पळणाऱ्या इंग्लिश राजाच्या घोड्याची वाट मोकळी करणारा एमर द व्हॅलन्स हा जोनचा नातू. आणि कैद झालेला, पुढे ब्रूसच्या राणीच्या बदल्यात सुटलेला हंफ्री द बोहन हा ईव्हाचा पणतू. तेवीस वर्षांचा गिल्बर्ट तिथे मारला गेला. ब्रूसने खंडणी न घेता प्रेत सन्मानाने परत पाठवलं.

गिल्बर्टला मूल नव्हतं. त्याला तीन बहिणी होत्या.

त्याच्या विधवेने आपल्याला दिवस गेले आहेत असं सांगितलं आणि तेच ती दोन वर्षांहून अधिक काळ सांगत राहिली. कायदेपंडितांनी गंभीरपणे वाट पाहिली. शेवटी १३१७ साली वाटणी झाली. थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर, राजाचा लाडका. त्याने मेव्हण्या आणि साडू यांचे वाटे गिळायला सुरुवात केली आणि १३२१ साली सीमेवरचे सरदार उठले. पुढारी होते बोहन आणि मॉर्टिमर. १३२६ साली हियरफर्डला डिस्पेन्सरला हालहाल करून मारलं तेव्हा राज्याचा कारभार रॉजर मॉर्टिमरच्या हाती होता. तो, डिस्पेन्सरची बायको, बोहनची मुलं, सगळीच चेपस्टोच्या म्हाताऱ्या मार्शलच्या रक्ताची. गिल्बर्टच्या धाकट्या बहिणीने, एलिझाबेथने, आपला पैसा शहाणपणाने लावला. केंब्रिजचं क्लेअर कॉलेज तिच्या देणगीवर आणि नावावर उभं आहे. एमर द व्हॅलन्सच्या विधवेने तिथलंच पेम्ब्रोक कॉलेज स्थापलं.

किल्केनीचा किल्ला डिस्पेन्सरांच्या वाट्याला गेला होता. त्यांना त्याचं काही करायचं नव्हतं. १३९१ साली ऑर्मंडचा अर्ल जेम्स बटलर याने तो विकत घेतला. बटलर तिथे १९३५पर्यंत राहिले आणि १९६७ साली त्यांनी तो शहराला ५० पौंडांना देऊन टाकला. बटलरांचा इतिहास मोठा आहे आणि त्यालाही वाटण्या आहेतच, पण अध्यक्ष मघापासून घड्याळाकडे पाहताहेत, तेव्हा तो पुन्हा कधीतरी.